साठवून ठेवण्याचा आजार : घरच्यांनी काय करावे?

एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांनी गावाचे नाव लिहिलेले नाही, आणि लिहिले असते तरी ते येथे छापले नसते. त्यांच्या सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या आहेत. सासरे जाऊन नऊ वर्षे झाली. घर तीन खोल्यांचे. त्यांपैकी मागच्या खोलीत आता कोणाला शिरता येत नाही. धुऊन वाळवलेल्या दुधाच्या पिशव्या, श्रीखंडाचे रिकामे डबे, लग्नपत्रिका, औषधांच्या बाटल्या, सुतळीचे तुकडे, फुटक्या बादल्या, कित्येक वर्षांची वर्तमानपत्रे आणि गाठोड्यांत बांधलेले कपडे छतापर्यंत रचलेले आहेत. पलंगावरही गाठोडी आहेत. सासूबाई दोन वर्षे दाराशी जेमतेम चटई मावेल एवढ्या जागेत जमिनीवर झोपतात. काही टाकू या म्हटले की त्या रडतात, जेवत नाहीत, शेजारणीकडे जाऊन बसतात. पुढच्या महिन्यात त्या अकरा दिवस काशीयात्रेला जाणार आहेत. पत्रात पुढे लिहिले आहे, 'तेवढ्या दिवसांत भंगारवाल्याला बोलावून खोली मोकळी करावी असा ह्यांचा विचार आहे. मलाही तेच वाटते, पण भीतीही वाटते. काय करावे ते कळवावे.'

उत्तर एका वाक्यात द्यायचे तर असे करू नये. परंतु नुसते 'करू नका' सांगून त्या भगिनींचा प्रश्न सुटत नाही. खोली तर भरलेलीच राहते आणि रोजचा त्रासही त्यांनाच आहे. म्हणून हा विषय आज जरा सविस्तर घेत आहे. अशी एखादी खोली, एखादा माळा किंवा एखादे बंद घर आपल्या प्रत्येकाच्या आळीत असते. लाजेमुळे कोणी त्याबद्दल बोलत नाही, एवढेच.

काटकसर, छंद आणि आजार

आपल्याकडे वस्तू जपून वापरणे हा सद्गुण मानला जातो आणि ते योग्यच आहे. जुने लुगडे बोहारणीला देऊन भांडे घ्यावे, उरल्यासुरल्या चिंध्यांची गोधडी शिवावी, डबा पुसून त्यात मेतकूट भरावे, अशीच आपली घरे चालत आली आहेत. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, रेशनच्या रांगेत जे तासन् तास उभे राहिले, त्यांच्या हातून शिळी भाकरीही सहज टाकली जात नाही. अशा माणसांना आजारी म्हणणे हा त्यांचा अपमान होईल. काटकसरी माणसाच्या घरात वस्तू जपलेली असते, हवी तेव्हा सापडते आणि वापरली जाते.

छंदाचेही तसेच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण घेण्यासारखे आहे. दिनकर केळकर यांचा एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. केळकरांनी अडकित्ते, दिवे, भांडी, वाद्ये, दरवाजे अशा हजारो वस्तू आयुष्यभर गावोगाव हिंडून जमवल्या आणि त्या संग्रहाला आपल्या मुलाचे नाव दिले. १९७५ साली तो सारा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. एका घरात मावणार नाहीत इतक्या वस्तू जमवणारा हा माणूस आजारी नव्हता. त्याच्या संग्रहात निवड होती, मांडणी होती, आलेल्या पाहुण्याला दाखवण्याचा आनंद होता, आणि शेवटी तो दुसऱ्याच्या हाती सोपवण्याची तयारीही होती. आजारात नेमक्या याच गोष्टी नसतात. निवड नसते, मांडणी नसते, पाहुण्याला दाराबाहेरच थांबवावे लागते आणि सोपवणे तर अशक्यच होऊन बसते.

या आजाराला इंग्रजीत होर्डिंग डिसऑर्डर म्हणतात. (चौकातल्या जाहिरातीच्या फलकाला आपण होर्डिंग म्हणतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.) मराठीत 'साठवणविकार' म्हणायला हरकत नसावी. पूर्वी याला मंत्रचळाच्या आजाराचे, म्हणजे पुन्हा पुन्हा हात धुणे, कड्या तपासणे या आजाराचेच एक लक्षण समजत. पुढे लक्षात आले की वस्तू साठवणाऱ्या बहुतेकांना मंत्रचळ नसतोच. अमेरिकेतील मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथाच्या पाचव्या आवृत्तीत याला स्वतंत्र आजाराचे स्थान दिले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तिच्यातही तो स्वतंत्रपणे नोंदलेला आहे.

निदान करताना डॉक्टर मुख्यतः चार गोष्टी पाहतात. वस्तूची किंमत काहीही असो, ती टाकणे किंवा देऊन टाकणे त्या व्यक्तीला सतत जड जाते का? टाकण्याच्या नुसत्या विचाराने तिचा जीव कासावीस होतो का? साठलेल्या वस्तूंमुळे घरातील जागा ज्या कामासाठी आहे त्या कामाला निरुपयोगी झाली आहे का, म्हणजे पलंगावर झोपता येत नाही, ओट्यावर स्वयंपाक होत नाही, न्हाणीत अंघोळ करता येत नाही, असे झाले आहे का? आणि या सगळ्यामुळे तिला किंवा घरच्यांना प्रत्यक्ष त्रास किंवा धोका आहे का? सून रोज मागे लागून घर मोकळे ठेवत असेल आणि म्हणून घर ठीक दिसत असेल, तरी आजार नाही असे म्हणता येत नाही.

पाश्चात्त्य देशांतील पाहण्यांवरून शंभरात सुमारे दोन-तीन माणसांना हा आजार असतो असे दिसते. पुरुष आणि स्त्रिया यांच्यातील प्रमाणात फारसा फरक नाही. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स या संस्थेत मंत्रचळाच्या २०० रुग्णांची पाहणी झाली होती. ती २०१२ साली प्रसिद्ध झाली आणि तीत २० जणांमध्ये लक्षणीय साठवणूक आढळली. म्हणजे हे श्रीमंत देशांतले थेर आहे, आपल्याकडे असले काही नसते, असे समजण्याचे कारण नाही. सुरुवात बहुधा अकराव्या ते पंधराव्या वर्षाच्या सुमारास होते. वही संपली तरी टाकायची नाही, पेन्सिलीचा तुकडा सांभाळायचा, असे ते स्वरूप असते. आई-वडील घर आवरतात म्हणून ते कोणाच्या ध्यानात येत नाही. माणूस स्वतंत्र राहू लागला की वस्तू वाढू लागतात आणि वयाबरोबर त्या वाढतच जातात. घर भरून दिसते तोवर मुले मोठी झालेली असतात, जोडीदार कदाचित गेलेला असतो आणि आवरणारे कोणी उरलेले नसते. सासरे गेल्यावर हे सुरू झाले असे पत्रात आहे. बहुधा ते आधीपासून असावे, सासरे होते तोवर ते दिसत नव्हते इतकेच.

मनात काय चालते?

हा आळशीपणा नव्हे, हे आधी समजून घेतले पाहिजे. आळशी माणसाच्या घरातला केर दुसऱ्याने काढला तर तो उलट खूश होतो. येथे तसे होत नाही. आपण ज्याला रद्दी म्हणतो तिचा प्रत्येक कागद या माणसाच्या दृष्टीने अजून पुरता संपलेला नसतो. त्यात वाचायची राहिलेली बातमी असते, कोणाला तरी दाखवायची पाककृती असते. रिकामा डबा म्हणजे लेकीच्या घरी जाताना लाडू न्यायचा डबा असतो. नवऱ्याचा फाटका सदरा टाकला तर नवरा दुसऱ्यांदा गेल्यासारखे वाटते. 'चांगली वस्तू वाया घालवली तर पाप लागेल' ही भावनाही फार मोठी असते. शिवाय कित्येकांना अशी भीती असते की वस्तू डोळ्यांआड गेली की तिची आठवणही जाईल, म्हणून कपाटात न ठेवता समोरच रचायची. कपाट रिकामे आणि जमीन भरलेली, असे चमत्कारिक दृश्य दिसते त्याचे कारण हे आहे.

या मंडळींना निर्णय घेणे अवघड जाते. ठेवावे की टाकावे, ठेवायचे तर कोठे, कशाबरोबर? तुम्ही-आम्ही हा निर्णय एका क्षणात घेतो आणि विसरूनही जातो. त्यांना एका लग्नपत्रिकेवर दहा मिनिटे लागतात आणि शेवटी ती परत ढिगावरच जाते. २०१२ साली अमेरिकेत याविषयी एक लक्षात राहील असा प्रयोग प्रसिद्ध झाला. साठवणविकार असलेले, मंत्रचळ असलेले आणि निरोगी अशा तिन्ही प्रकारच्या माणसांना त्यांच्याच घरचे कागद दाखवून 'ठेवायचा की फाडायचा' असे विचारले आणि त्या वेळी त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. फाडायचा म्हटले की तो कागद खरोखरच यंत्रात घालून फाडला जाई. एखादी गोष्ट किती महत्त्वाची आहे, तिच्यात किती धोका आहे हे जोखणारे मेंदूतील काही भाग साठवणविकाराच्या रुग्णांत आपल्या कागदांच्या वेळी वाजवीपेक्षा फार जोराने काम करत होते. दुसऱ्याच्या मालकीचे कागद समोर आले की तेच भाग उलट मंद पडत होते. म्हणजे जुन्या पावतीचा कागद टाकताना त्या बिचाऱ्यांना जे वाटते ते नाटक नसते.

साठवणविकाराच्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या रक्ताच्या नात्यात आणखी कोणी तरी साठवणारे असते. निम्म्या रुग्णांना उदासीनतेचा आजारही असतो. जवळच्या माणसाचा मृत्यू, घर सोडावे लागणे, निवृत्ती अशा धक्क्यानंतर साठवणूक वाढते. आणि ज्याच्या घरी कोणी येत नाही त्याला वस्तूंचीच सोबत वाटू लागते. घर भरलेले म्हणून कोणाला बोलवत नाही आणि कोणी येत नाही म्हणून घर भरते, असे हे चक्र आहे.

धोका कोणता?

लोक काय म्हणतील हा या आजारातला सर्वांत लहान धोका समजावा. वयस्कर माणूस रात्री लघवीला उठला आणि गाठोड्याला अडखळून पडला तर खुब्याचे हाड मोडते. सत्तरीतल्या माणसाला त्यातून उठणे किती कठीण असते हे अनेक घरांनी पाहिले आहे. ढिगाखाली उंदीर, झुरळे होतात, उंदरांच्या मागे साप येतो. विंचवाला तर जुनी लाकडे आणि कापडे फार आवडतात. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. धुळीने दमा बळावतो. औषधांच्या गोळ्यांची पाकिटे वर्षानुवर्षे एकत्र साठली की मुदत संपलेली गोळी पोटात जाते.

सर्वांत मोठा धोका आगीचा. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या अग्निशमन दलाने १९९९ ते २००९ या काळाचा हिशोब काढला. घरांना लागलेल्या एकूण आगींत वस्तूंनी भरलेल्या घरांच्या आगी शेकडा एकाच्याही खूप खाली होत्या. पण टाळता येण्याजोग्या आगींत जे मृत्यू झाले त्यांतले २४ टक्के अशा घरांतले होते. कागद-कापडाला आग लवकर लागते आणि पळायला वाट नसते. आपल्याकडे देवापुढे निरांजन असते, डासांची अगरबत्ती असते, गॅसची शेगडी असते. वाचकांनी हे लक्षात घ्यावे.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात होमर आणि लँग्ली कोलियर हे दोघे भाऊ राहत. घर सुशिक्षित, वडील डॉक्टर. होमर वकील, लँग्ली पियानो वाजवणारा. १९३३ साली होमरची दृष्टी गेली. पुढे त्याला चालताही येईना. लँग्लीने त्याची सेवा केली, आणि भावाला पुन्हा दिसू लागले की त्याला वाचता यावे म्हणून वर्षानुवर्षे वर्तमानपत्रे जपून ठेवली. चोरांच्या भीतीने त्याने घरभर ढिगांतून बोगदे आणि सापळे केले होते. मार्च १९४७ मध्ये कोणीतरी पोलिसांना कळवले. आत होमर मृतावस्थेत सापडला. लँग्ली कोठे गेला म्हणून सगळीकडे शोध सुरू झाला. अडीच आठवड्यांनी तो त्याच घरात, भावापासून दहा फुटांवर, स्वतःच्याच सापळ्याच्या ढिगाखाली सापडला. भावाला जेवण नेत असताना ढीग अंगावर कोसळून तो आधी गेला होता आणि त्याच्यावाचून पंगू भाऊ उपाशी मेला. त्या घरातून १२० टनांहून अधिक सामान निघाले, त्यात चौदा पियानो होते. लोक या गोष्टीतले पियानो लक्षात ठेवतात. मला ती आंधळ्या भावासाठी जपलेली वर्तमानपत्रे अधिक बोलकी वाटतात.

खोली एकदम रिकामी का करू नये?

आता पत्रातील मूळ प्रश्नाकडे येऊ. सासूबाई काशीहून परतल्या आणि खोली रिकामी दिसली, तर सून-मुलाला जे घर स्वच्छ झालेले दिसते तेच त्यांना लुटलेले दिसेल. अशा प्रसंगानंतर रुग्ण अतिशय उदास झाल्याची, घर सोडून गेल्याची उदाहरणे आहेत. जिवाचे बरेवाईट करण्याची भीतीही असते. दुसरे असे की घरच्यांवरचा विश्वास संपतो. पुढे डॉक्टरकडे चला म्हटले तरी 'त्यात तुमचा काही डाव असेल' असेच वाटते. आणि तिसरे, खोली रिकामी राहत नाही. आजार मनात आहे, खोलीत नाही. काही महिन्यांत ती पुन्हा भरते आणि या वेळी दाराला कुलूप लागते.

एक अगदी व्यावहारिक कारणही आहे. अशा ढिगात रद्दीबरोबर सातबाराचे उतारे, विम्याची पॉलिसी, बँकेचे पासबुक, कापडात गुंडाळलेली पाटली, नोटा अशा गोष्टी असतात. भंगारवाल्याच्या हातगाडीवर काय काय गेले हे नंतर कळते.

तेव्हा यात्रेच्या अकरा दिवसांत खोलीला हात लावू नये. त्यांना निर्धास्तपणे जाऊ द्यावे. 'आई, तुमच्या खोलीला आम्ही हात लावणार नाही, तुम्ही काळजी करू नका' असे आधी सांगावे आणि तसेच वागावे. परत आल्यावर खोली जशीच्या तशी दिसली तर पुढच्या कामाचा पाया तेथेच पडतो.

बोलावे कसे, करावे कसे?

प्रथम शब्द बदलावेत. 'भंगार', 'उकिरडा', 'कचरा' हे शब्द घरात बंद करावेत. 'तुमच्या वस्तू' म्हणावे. चार लोकांसमोर, विशेषतः पाहुण्यांसमोर हा विषय काढू नये. 'हे कशाला ठेवलंय?' या प्रश्नाचे उत्तर या मंडळींकडे नेहमी तयार असते आणि तुम्ही जितका वाद घालाल तितके ते उत्तर पक्के होत जाते. त्यापेक्षा त्यांना स्वतःला काय हवे आहे ते विचारावे. 'आई, तुम्हाला पलंगावर झोपता आलं तर गुडघ्यांना बरं वाटेल का?' 'नातवाला तुमच्याजवळ झोपायचं असतं, त्याला जागा कुठे करू या?' त्यांच्या तोंडून 'पलंग मोकळा असता तर बरं झालं असतं' असे वाक्य निघाले की अर्धे काम झाले. ते वाक्य सुनेने दहा वेळा म्हणून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट, खोली स्वच्छ करणे हे पहिले उद्दिष्ट ठेवू नये. ती सुरक्षित करणे हे ठेवावे. दारापासून पलंगापर्यंत आणि पलंगापासून न्हाणीपर्यंत दोन हात रुंद वाट. शेगडी, देव्हारा आणि विजेचे बटण यांच्याभोवती कागद-कापड नाही. ढीग खांद्याच्या वर नाही. एवढ्यावर सासूबाईंशी तडजोड व्हावी आणि त्यासाठी वस्तू टाकायचीही गरज नाही, नुसती हलवली तरी चालेल. पुष्कळ जण याला कबूल होतात. वस्तू राहतात आणि जीवही राहतो.

यानंतर निवडीचे काम. रोज ठरलेल्या वेळी वीस मिनिटे किंवा अर्धा तास, त्याहून अधिक नाही. दिवाळीच्या साफसफाईसारखा धडाका येथे चालत नाही. जागा लहान घ्यावी: एक गाठोडे, एक फळी, पलंगाचा एक कोपरा. सुरुवात निर्जीव वाटणाऱ्या वस्तूंपासून करावी. दुधाच्या पिशव्या आधी, नवऱ्याचे कपडे सर्वांत शेवटी, आणि त्यांतले काही कायमचे राहिले तरी बिघडत नाही. तीन टोपल्या ठेवाव्यात, एक ठेवायच्या वस्तूंची, एक द्यायच्या आणि एक टाकायच्या. वस्तू त्यांनीच हातात घ्यावी आणि कोणत्या टोपलीत जायची ते त्यांनीच सांगावे. मदत करणाऱ्याने त्यांना विचारल्याशिवाय एकाही वस्तूला हात लावू नये. हा नियम मोडला की खेळ संपला. गुपचूप एखादी पिशवी बाहेर नेणे तर मुळीच नाही; त्यांना ते हमखास कळते.

विचारायचे प्रश्न साधे असावेत. अशा किती आहेत आपल्याकडे? गेल्या वर्षात ही लागली होती का? पुढे लागली तर विकत किती रुपयांना मिळेल? हिचा उपयोग दुसऱ्या कोणाला आत्ता होईल का? शेवटच्या प्रश्नाचा फार उपयोग होतो. या लोकांना वस्तू वाया गेलेली सोसत नाही, पण ती कोणाच्या कामी आली तर मन तयार होते. डबे अंगणवाडीला, कपडे बोहारणीला, मासिके वाचनालयाला, असे वस्तूचे पुढचे घर नक्की सांगता आले की हात सुटतो. मात्र 'देण्यासाठी' म्हणून नवा ढीग होऊ देऊ नये. दिलेली वस्तू त्याच दिवशी घराबाहेर जावी.

वस्तू गेल्यावर जो जीव वरखाली होतो त्याला घाबरू नये. मानसोपचारात याचाच उपयोग करतात. 'आत्ता किती वाईट वाटतंय, शंभरात किती?' असे विचारून आकडा कागदावर लिहायचा. संध्याकाळी पुन्हा विचारायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा. ऐंशीचा आकडा चाळिसावर आणि मग दहावर येतो, हे त्या व्यक्तीने स्वतः पाहिले की तिला पुढची वस्तू थोडी हलकी जाते. ज्यांच्याबाबत मन अजिबात धजत नाही अशा वस्तू पिशवीत घालून, तारीख टाकून, महिनाभर दुसऱ्या खोलीत ठेवाव्यात.

बाहेरून येणाऱ्या वस्तूंकडेही पाहिले पाहिजे. एका बाजूने रोज थोडे बाहेर आणि दुसऱ्या बाजूने सेलमधल्या खरेदीच्या पिशव्या आत, असे असेल तर हिशोब जमत नाही. बाजारात बरोबर जाऊन, वस्तू पाहून, हातात घेऊन, न घेता परत येण्याचा सराव करता येतो. ऐकायला पोरकट वाटते, पण उपचारात तो आवर्जून करवून घेतात.

हे सगळे सांभाळणाऱ्या सुनेचे काय, असे कोणी विचारील, आणि ते बरोबर आहे. करुणा म्हणजे स्वतःला चिरडून घेणे नव्हे. स्वयंपाकघर, मुलांची अभ्यासाची जागा, येण्याजाण्याचा रस्ता येथे साठवण चालणार नाही, ही हद्द घरातल्या कर्त्या मुलाने आईशी शांतपणे बोलून ठरवावी. हे काम सुनेवर ढकलू नये. आपल्याकडे नेमके तेच होते आणि मग आजाराचे रूपांतर सासू-सुनेच्या भांडणात होते.

उपचार

विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचाराची पद्धत यात सर्वांत उपयोगी ठरली आहे. ती काही आठवड्यांची नाही, कित्येक महिन्यांची असते. शक्य असेल तर सल्लागार घरी येऊन काम करतो. तिने लक्षणांत स्पष्ट उतार पडतो. घर पूर्ण रिकामे झाले असे मात्र क्वचितच होते, आणि तशी अपेक्षा ठेवून बसलेले नातेवाईक निराश होतात. गोळ्यांचा या आजारावर थेट उपयोग किती होतो याबद्दल पुरावा थोडा आहे. परंतु जोडीला उदासीनता किंवा चिंता असेल तर तिच्यावर औषधांचा चांगला गुण येतो आणि मग आवरायला बळही येते.

समदुःखी माणसांच्या गटाचा फायदा मोठा आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ३२३ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. काही गट मानसशास्त्रज्ञांनी चालवले, तर काही गट प्रशिक्षण घेतलेल्या, स्वतः अशाच अनुभवातून गेलेल्या सामान्य माणसांनी चालवले. दोन्हींचा गुण जवळजवळ सारखाच आला. 'माझंही घर असंच होतं' म्हणणारा माणूस समोर असला की लाज कमी होते. दारू सोडणाऱ्यांचे असे गट आपल्याकडे कितीतरी गावांत चालतात. साठवणाऱ्यांचेही का होऊ नयेत?

सुरुवात जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापासून करावी. बहुतेक जिल्ह्यांत तशी सोय आहे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये असून त्यांचे बाह्यरुग्ण विभागही आहेत. केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतून बोलता येते. रुग्ण तयार नसेल तर घरच्यांनी स्वतःसाठी सल्ला विचारला तरी चालतो. जबरदस्तीने उचलून नेण्याचा विचार करू नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आपल्या उपचाराबाबत रुग्णाची संमती महत्त्वाची मानली आहे.

एक सूचना मात्र तातडीची आहे. जन्मभर नीटनेटका राहिलेला माणूस म्हातारपणी अचानक चिंध्या-कागद गोळा करू लागला, खरकटेही ठेवू लागला, अंघोळ टाळू लागला किंवा माणसे विसरू लागला, तर तो बहुधा साठवणविकार नसून स्मृतिभ्रंशाची किंवा मेंदूच्या दुसऱ्या एखाद्या विकाराची सुरुवात असू शकते. तरुण मुलगा 'या कागदांतून मला निरोप येतात' असे म्हणून कागद जमवत असेल तर तेही वेगळे आहे. अशा वेळी वाट पाहत बसू नये, लगेच डॉक्टरांना दाखवावे. जाताना कधीपासून काय काय बदलले ते तारखांसह लिहून न्यावे आणि त्या व्यक्तीची हरकत नसेल तर खोलीचा एक फोटोही बरोबर ठेवावा. तोंडी वर्णनात घरचे लोक एक तर फार वाढवून सांगतात किंवा लाजेने फार कमी.